मोजून मग बोलणारा माणूस

माझ्या गाडीच्या इंजिनापायी मी तीन माणसांचा ऋणी आहे. एक माझा सख्खा मामा. तो कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनीच्या इंजिन विभागात फिटर होता. दुसरे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले मेस्त्री. त्यांनी माझं इंजिन उघडायला आधी नकार दिला आणि काही वर्षांनी स्वतःच ‘आता उघडूया’ म्हणाले. तिसऱ्या गृहस्थांना मी अजून पाहिलेलं नाही, फोनवर आवाज तेवढा ऐकलाय. मामा गेला. मेस्त्रींनी हत्यारं खाली ठेवली. हे सगळं आता लिहून ठेवलं पाहिजे.

गाडी म्हणजे फियाट पालिओ, १.६ जीटीएक्स. २००१ साली पालिओ आपल्याकडे आली तेव्हा तिच्या जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता. ती बनायची कुर्ल्यात, जिथे आधी पद्मिनी बनायची त्याच कारखान्यात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तिचं हे आवार. पालिओचं साधं इंजिन १.२ लिटरचं होतं, पुढे डिझेलही आलं. पण गाडी चालवण्याचीच हौस असलेल्यांची नजर १.६ वर असे. १५९६ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, शंभराच्या आसपास अश्वशक्ती. त्या काळात रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या साठीच्या आत-बाहेर होत्या. पालिओ जड होती, पेट्रोल भरपूर प्यायची. पण घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चार हजारांच्या वर काटा गेला की ते इंजिन असं खुलायचं की चालवणाऱ्याला पुढचं वळण हवंहवंसं वाटायचं. मी ही गाडी २००९ मध्ये पुण्यात जुनी घेतली. घेण्याआधी मामाला दाखवली.

मामा गाडीभोवती फिरला नाही, रंग पाहिला नाही. त्याने इंजिन चालू करायला सांगितलं आणि गरम होईपर्यंत तो गप्प उभा राहिला. मग ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरला. तिथून किती वाफ, किती दाब वर येतो यावरून रिंगांची हालत कळते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डीपस्टिक काढून त्याने ऑइल दोन बोटांत चोळलं, वास घेतला, खिशातल्या रुमालाला बोटं पुसली. “घे,” म्हणाला. “पण या इंजिनाला हात कुणाला लावू देतोस, ते आधी मला विचारायचं.”

हात लावू देण्याची वेळ पाचेक वर्षांनी आली. ताम्हिणी उतरून माणगावच्या अंगाला सपाटीला लागलो आणि पेडल दाबलं की आरशात निळा धूर दिसायचा. क्षणभर यायचा आणि विरायचा. ऑइलही कमी व्हायला लागलं. दर हजार किलोमीटरला जवळजवळ लिटरभर घालावं लागे. पुण्यात दोन ठिकाणी गाडी दाखवली. पहिल्या गॅरेजने धूर पाहताच ‘हाफ इंजिन’ करायला सांगितलं, म्हणजे रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं बदलायची आणि बंद करायचं. दुसरं ठिकाण मोठं होतं. चकचकीत फरशी, चाकांवर ताकद मोजायचा डायनो, भिंतीवर शर्यतींचे फोटो. तिथल्या तरुणाने मला कॉफी पाजली आणि अर्ध्या तासात छापील अंदाजपत्रक हातात ठेवलं. बोअर, फोर्ज्ड पिस्टन, नवे कनेक्टिंग रॉड, आणि ‘उघडतोच आहोत तर’ पुढे टर्बो बसवता येईल अशी सोय. आकडा गाडीच्या किमतीच्या वर जात होता. माणूस हुशार होता, त्याच्या हातची वेगवान इंजिनं शर्यतीत धावत होती. मला मोह झाला. शंभराचे दीडशे घोडे होणार म्हटल्यावर कुणाला होणार नाही?

रात्री मामाला फोन केला. सगळं ऐकून घेऊन त्याने एकच विचारलं, “कॉम्प्रेशन किती आलं?”

मी म्हटलं, “ते कुणी बघितलं नाही.”

“प्लग काढून बघितले?”

“नाही.”

“मग त्यांना इंजिनाचं कळलं काय?” एवढं बोलून त्याने कोल्हापूरचा पत्ता सांगितला. “माझं नाव सांग. नाही सांगितलंस तरी चालेल, तो मोजल्याशिवाय बोलायचा नाही.”

शिवाजी उद्यमनगर ज्यांनी पाहिलंय त्यांना तिथलं वातावरण सांगावं लागणार नाही. एका गाळ्यात लेथ, शेजारी फाउंड्रीचं पॅटर्न बनवणारा, पलीकडे क्रँक ग्राइंडिंग, समोर चहा. देशभरातल्या गाड्यांसाठी आणि पंपांसाठी लागणारं बिडाचं ओतकाम कोल्हापुरात होतं. त्यामुळे धातूची जाण असलेली माणसं इथे गल्लीगल्लीत सापडतात. वेगाचंही या गावाला वेड आहे. कार्टिंगचा ट्रॅक इथे आहे आणि देशपातळीवर शर्यती गाजवणारी मुलं इथून निघाली आहेत. मेस्त्रींच्या गाळ्यावर पाटी नव्हती. आत दोन गाड्या मावतील एवढी जागा, एका बाजूला पत्र्याचं कपाट. कपाटात गेज आणि मायक्रोमीटर आपापल्या लाकडी पेट्यांत. गाळ्यातली बाकी प्रत्येक गोष्ट ऑइलने काळी झालेली, या पेट्या मात्र स्वच्छ.

तरुणपणी शोलावरमच्या शर्यतींना ते एका गाडीबरोबर मेकॅनिक म्हणून जात. मद्रासजवळची ती लढाईच्या काळातली जुनी धावपट्टी. तिथे रात्रभर बसून इंजिन उघडायचं, बंद करायचं, सकाळी पुन्हा पळवायचं. “तिथं एक शिकलो,” ते मला पुढे कधीतरी म्हणाले, “की रात्री उघडलेलं इंजिन सकाळी आधीसारखं ऱ्हात न्हाई. चांगलं तरी हुतं, न्हाईतर वाईट.”

पहिल्या दिवशी मी मामाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काही न बोलता कामाला लागले. गाडी रस्त्यावर फिरवून इंजिन पुरतं गरम केलं. चारही प्लग काढले, टेबलावर ओळीने, एकापासून चारपर्यंत मांडले. इग्निशन आणि पेट्रोल तोडलं. बॅटरी चार्जरला लावली, कारण सेल्फ मंद फिरला तर आकडा खोटा येतो. मला आत बसवून पेडल तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं, म्हणजे इंजिनाला हवा पुरेपूर मिळेल. मग एकेका सिलिंडरला गेज लावून सेल्फ मारायला लावला. शाळकरी वहीत आकडे उतरले: १७५, १७२, १७६, १७०. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून तेच पुन्हा. आकडे जेमतेम पाच-सात पौंडांनी वर गेले.

“हितं बसा,” म्हणाले आणि स्टूल पुढे केलं. हाताखालच्या पोराला कॉम्प्रेसर लावायला सांगितला. पिस्टन वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, प्लगच्या भोकातून दाबाची हवा आत सोडायची आणि ती कुठून पळते ते ऐकायचं. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा गेल्या. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाही. हवेच्या पाइपातून आली तर इनलेट. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. मेस्त्रींनी प्रत्येक जागी मला कान लावायला लावला. गिऱ्हाइकाला ऐकवणारा मेकॅनिक मी त्याआधी पाहिला नव्हता. हवा सगळीकडे थोडीथोडी पळत होती, कुठेही जोरात नाही.

मग त्यांनी सांगितलं. धूर कधी येतो, हे त्यांनी मला आधीच खोदून विचारलं होतं. चढावर, पेडल दाबलेलं असताना येत राहिला असता तर रिंगांवर संशय घ्यायला हवा होता. माझा धूर उतारानंतर येत होता. उतारावर पेडल सोडलेलं असतं, इंजिन चाकांच्या जोरावर फिरत असतं, हवेची वाट बंद. अशा वेळी इनलेटच्या बाजूला मोठी पोकळी तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतालची सीलं कडक झाली असतील तर वरचं ऑइल तिथून खाली ओढलं जातं. पुन्हा पेडल दाबलं की ते जळतं. “खालचं हाडापेरानं चांगलं हाय,” ते म्हणाले. “वरचं हेड तेवढं खोलूया. बोअरला हात लावायचा न्हाई.”

मी अंदाजपत्रकाचा कागद पुढे केला. त्यांनी तो नीट वाचला, चष्मा काढला, कागद घडी करून परत दिला आणि विचारलं, “तुमाला गाडी पळवायची हाय, का कुणाला दाखवायची हाय?” मी गप्प राहिलो. मग ते मला अगदी सबुरीने समजावत गेले. फोर्ज्ड पिस्टन मजबूत खरे, पण ते तापल्यावर जास्त फुगतात म्हणून बोअरमध्ये त्यांना जागा जास्त ठेवावी लागते. थंड इंजिनात ते खडखडतात, रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीत तो खडखडाट तुम्ही वर्षानुवर्षं ऐकणार. टर्बोचा दाब आला तर पिस्टन बदलण्याला अर्थ. मग नुसतं इंजिन बदलून भागत नाही. क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर सगळं त्या जोराला पुरलं पाहिजे. आणि एकदा बोअर मोठा केला की मागे जाता येत नाही. कारखान्याने दिलेली भिंत आपण खरवडून टाकली. “ती भिंत अजून लई वर्सं हाय. कशाला घालवताय?”

त्यांनी हेड उतरवलं, गाइड तपासले, दोन बदलले, सगळी सीलं नवी घातली, व्हॉल्व्हच्या सीट तीन कोनांत कापून घेतल्या आणि व्हॉल्व्ह हाताने लॅप केले. हेडची फेसिंग करताना ते मशीनवाल्याच्या शेजारी उभे राहिले. सपाट होण्यापुरताच धातू निघाला पाहिजे. जास्त निघाला तर कॉम्प्रेशन वाढलं असतं आणि तेव्हा आपल्या पंपावर मिळणाऱ्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागलं असतं. बिल बारा हजारांच्या आत आलं. मोजण्याचे पैसे लावले नाहीत. धूर गेला. ताकदही वाढल्यासारखी वाटली, आणि ती खरीच वाढली असणार, कारण व्हॉल्व्ह नीट बसले की सिलिंडरमधला दाब वाया जात नाही.

निघताना मी विचारलं की मामाला काय सांगू. मेस्त्री काहीसे लाजले. मग कळलं ते असं. आयटीआय करून ते कुर्ल्याला शिकाऊ म्हणून लागले तेव्हा मुंबईत त्यांचं कोणी नव्हतं. मामाने त्यांना आपल्या खोलीत जागा दिली. मामी जेवायला वाढायची. आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी मामा त्यांना मायक्रोमीटर कसा धरायचा ते शिकवायचा. स्क्रू बोटाने आवळायचा नाही, मागच्या खटक्याने फिरवायचा, तीनदा माप घ्यायचं, तिन्ही जुळली तरच लिहायचं. कपाटातला सगळ्यात जुना मायक्रोमीटर मामाने दिलेला होता. मामाने आम्हाला घरी यातलं अवाक्षरही कधी सांगितलं नव्हतं. मी पुण्याला येऊन विचारलं तर म्हणाला, “पोरगा चांगला होता. कुठे झोपला असता?” त्या दिवसापासून मेस्त्री मला ‘सायेब’ म्हणेनासे झाले, ‘भाचे’ म्हणू लागले. मीही त्यांना अण्णा म्हणू लागलो.

त्यानंतर गाडी दरवर्षी एकदा कोल्हापूरला जात राहिली. सर्व्हिसिंग पुण्यातही झालं असतं. पण ऑइल बदलताना अण्णा जुनं ऑइल स्वच्छ थाळीत घेऊन उन्हात धरत, त्यात चमकणारे कण दिसतात का ते पाहत, फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून बघत. वहीत तारीख, किलोमीटर, चार आकडे. त्याच वहीची पुढची पानं भरत गेली. मधल्या काळात मामा गेला. अण्णा दहाव्याला आले होते. घाटावर सगळ्यांच्या मागे उभे होते.

इंजिन खरोखर उघडायची वेळ २०२३ मध्ये आली. चढावर पेडल दाबलं की खालून बारीक ठोका येऊ लागला आणि गरम इंजिनात, सिग्नलला थांबल्यावर, ऑइलच्या दाबाचा लाल दिवा मिचकायला लागला. अण्णांनी दिव्यावर विश्वास ठेवला नाही. दिव्याचा सेन्सर काढून त्या जागी काट्याचं गेज लावलं. दाब खरंच पडत होता. कॉम्प्रेशन घेतलं. तीन सिलिंडर थोडे उतरलेले, आणि तिसऱ्याचा आकडा १२८. ऑइल घालून पुन्हा मोजला तर १६०. ऑइलने पिस्टनभोवतीची फट तात्पुरती बुजते, म्हणून आकडा असा उसळी मारतो तेव्हा गळती रिंगांतून असते. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइल घालून फरक पडला नसता. हवा सोडली तर ऑइलच्या झाकणातून स्पष्ट फुसफुस. वहीतली आधीची सगळी पानं त्यांनी माझ्यापुढे उलगडली. उतार हळूहळू, वर्षावर्षाला झालेला दिसत होता. “आता उघडूया,” म्हणाले.

तरीही मी लगेच हो म्हटलं नाही, आणि त्यांनीही घाई केली नाही. हिशेब सरळ नव्हता. गाडीला वीस वर्षं होत आलेली. पंधरा वर्षांनी एकदा नोंदणीचं नूतनीकरण झालं होतं, आता दुसऱ्या पाच वर्षांसाठी करायचं होतं. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते शुल्क पाच हजार झालं होतं, वर पर्यावरण कर. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद पडला, फियाटचं काम रांजणगावला गेलं आणि मग फियाटच्या गाड्याच इथे विकायच्या बंद झाल्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढत चाललं होतं आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप त्याला टिकत नाहीत. बाजारात माझ्या गाडीला जे पैसे आले असते त्याच्या दुप्पट इंजिनाला लागणार होते. घरातले म्हणाले, नवी घे. एका मित्राने कुर्ल्याच्या भंगार बाजारातून अख्खं जुनं इंजिन आणून बसवायचा सल्ला दिला; खर्च निम्मा. अण्णांनी तो पर्याय उडवून लावला नाही. फक्त विचारलं की त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कोण मोजून देणार, आणि ते खराब निघालं तर मग आपण काय उघडणार.

आणखी एक प्रश्न होता आणि तो बोलायला जड जात होता. अण्णांचं वय. हात थरथरायला लागला होता. ओळखीच्या जाणत्या लोकांनी मला सुचवलं की आता दक्षिणेत शर्यतीची इंजिनं बनवणाऱ्या एखाद्या मोठ्या वर्कशॉपला पाठव. सीएनसी मशीन, काँप्युटरवर बॅलन्सिंग, लेखी हमी. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी हे अण्णांसमोर कसं काढावं या विवंचनेत असताना त्यांनीच विषय काढला. “भाचे, बोअरिंग मी करणार न्हाई. माझं मशीन जुनं झालंय, त्याच्या बेअरिंगला खेळ हाय. शिरोलीत एकजण हाय, त्याच्याकडं प्लेट लावून होन करायची सोय हाय. क्रँकबी तिकडंच. इंजिन बसवील ह्यो,” शागिर्दाकडे बोट दाखवून, “मी फक्त माप वाचणार. दोघांनी वाचलेलं जुळलं तरच पुढं.”

माझा निर्णय त्या क्षणी झाला. आपला हात कुठे थांबतो हे ज्या कारागिराला ठाऊक आहे आणि जो ते गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, त्याच्याहून भरवशाचा माणूस मला कुठल्या हमीपत्राने दिला असता?

प्लेट लावून होन करणं, म्हणजे सिलिंडरची भिंत घासून नेमक्या मापाला आणणं, ते त्यांनी दाखवलं म्हणून सांगतो. हेडचे बोल्ट आवळले की त्या ताणाने खालचा ब्लॉक किंचित पिळला जातो आणि गोल सिलिंडर गोल राहत नाही. म्हणून होन करताना हेडच्या जागी जाड लोखंडी प्लेट त्याच बोल्टांनी, त्याच जोराने आवळायची. ब्लॉकला हेड बसल्यासारखंच वाटलं पाहिजे. मग जो बोअर गोल होतो, तो गाडीतही गोल राहतो. बोअर गेजने वर, मध्ये, खाली, आणि दोन दिशांनी माप घेतलं तेव्हा झीज दिसली: सगळ्यात वरची रिंग जिथे थांबून परत फिरते तिथे, आणि पिस्टन ज्या बाजूला रेटला जातो तिकडे जास्त. पहिल्या ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापाहून एकच पायरी मोठ्या पिस्टनांत, काम भागणार होतं.

पण पहिल्या ओव्हरसाइजचे पिस्टन मिळेनात. नाना पेठेत विचारलं, मुंबईत विचारलं. ब्लॉक तसाच पडून राहिला. बोअर आधी करायचा नाही, पिस्टन हातात आल्यावर ते मोजून मग त्या मापाने बोअर करायचा, हा अण्णांचा नियम. अशा वेळी तिसरा माणूस आला. संगमनेरकडचे एक निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडेही हीच गाडी होती आणि कधीतरी लागेल म्हणून त्यांनी कंपनीचा पिस्टन-रिंगांचा संच घेऊन ठेवला होता. मग गाडी विकली, संच राहिला. एका पार्ट्सवाल्याकडून माझा नंबर त्यांना मिळाला. मी किंमत विचारली तर त्यांनी दहा वर्षांपूर्वीची पावती वाचून दाखवली आणि तेवढेच पैसे घेतले. मी चौपट द्यायला तयार होतो आणि हे त्यांना ठाऊक होतं. “गाडी चालू राहू दे,” एवढंच म्हणाले. संच एसटीच्या पार्सलने आला, खोक्यावर त्यांच्या सुवाच्य अक्षरात ‘नाजूक’.

जोडणीचे दिवस मी रजा काढून तिथे होतो. शागिर्दाने चारही पिस्टन आणि रॉड तोलले. जड होते त्यांचा थोडा थोडा धातू अशा जागेवरून काढला जिथे ताकदीला धक्का लागत नाही. प्रत्येक रिंग आधी रिकाम्या बोअरमध्ये ठेवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने पाहिली. तापल्यावर रिंग वाढते. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. पिस्टन आणि भिंत यांच्यातली जागा केसाच्या जाडीहूनही कमी. प्रत्येक बेअरिंगची फट मोजली, शागिर्दाने आकडा मोठ्याने सांगायचा, अण्णांनी गेज आपल्या डोळ्याशी नेऊन पुन्हा सांगायचा. एका मेन बेअरिंगला दोघांचे आकडे जुळले नाहीत. अण्णांनी कॅप काढायला लावली, पुसायला लावली, पुन्हा आवळायला लावली. आणि शागिर्दाचा आकडा बरोबर निघाला. अण्णांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद दिसला तो मी विसरणार नाही. “बघा,” मला म्हणाले, “आता ह्याला माझी गरज न्हाई.” हेडचे बोल्ट नवे घातले, कारण ते अंशांच्या मापाने ताणून आवळतात आणि एकदा ताणलेला बोल्ट ते पुन्हा वापरत नसत. पेट्रोलचे पाइप सगळे बदलले.

इंजिन चालू झाल्यावर त्यांनी ते गाळ्यात रेंगाळू दिलं नाही. नव्या रिंगा भिंतीवर बसायच्या तर त्यांना भार लागतो, नुसतं फिरत ठेवलं तर भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा कधीच बसत नाहीत. आम्ही गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत अर्ध्या पेडलने चढवायचं, मग पेडल सोडून गाडीला आपल्या वजनाने उतरू द्यायचं, पुन्हा चढवायचं. अण्णा शेजारी बसून काट्याच्या गेजवर नजर ठेवून होते. परत आल्यावर ऑइल लगेच बदललं. महिनाभराने घेतलेले आकडे चारही सिलिंडरांचे तीन पौंडांच्या आत आले. ते पान त्यांनी वहीतून फाडून मला दिलं. ते मी गाडीच्या कागदपत्रांत, आरसीच्या शेजारी ठेवलंय.

मजुरी त्यांनी घेतली, ती शागिर्दाची म्हणून. स्वतःची विचारली तर म्हणाले, “तुमच्या मामीनं किती वर्सं वाढलं मला, त्याचं कुठं बिल केलंय?” ते इंजिन त्यांनी हाती घेतलेलं शेवटचं. त्यानंतर गाळा शागिर्दाच्या नावावर केला. मामाचा मायक्रोमीटरही त्यालाच दिला.

शागिर्दाकडे कामं भरपूर येतात. पुण्या-बेळगावहून गाड्या येतात. त्याला मिळत नाहीत ती शिकणारी मुलं. आयटीआय झालेली येतात, चार महिने राहतात, पगार जास्त म्हणून शोरूमला निघून जातात. तिथे त्यांना जुना भाग काढून नवा लावायला शिकवतात, बोअर गेज हातात येत नाही. तुमच्या ओळखीत कोणी मुलगा किंवा मुलगी असेल, हात काळे करायची तयारी असलेली आणि आकडा पुन्हा एकदा तपासून पाहायचा कंटाळा नसलेली, तर शिवाजी उद्यमनगरात पाठवा. चहाच्या टपरीवर विचारलं की पाटी नसलेला गाळा कोणीही दाखवील. राहायची अडचण असेल तर शागिर्दाच्या घरी माळ्यावर एक खोली आहे. ती त्याने शिकणाऱ्यासाठीच रिकामी ठेवली आहे.